अर्जदाराचे स्टूल

अनंतराव, तुमचे स्टूल मी परत आणले.

तुम्ही गेल्यानंतर मी प्रथमच कचेरीबाहेरच्या माझ्या जागेवर जाऊन बसलो, तेव्हा टेबलाच्या डाव्या अंगाला नुसती फरशी होती. शेजारच्या फोटोस्टॅटवाल्या सरदारजींनी स्टूल आपल्या गिऱ्हाइकासाठी ओढून नेले होते. त्यांचा दोष नाही. रिकामे दिसले, नेले. मी मात्र उठलो, त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि या शहरात अर्धे आयुष्य घालवून कमावलेल्या माझ्या शुद्ध हिंदीत त्यांना कळविले की हे आसन अर्जदाराचे आहे, आणि अर्जदार अद्याप उठलेला नाही. सरदारजींनी माझ्या तोंडाकडे पाहिले. "प्रोफेसर साब वाला?" एवढेच हळू विचारून त्यांनी स्वतः ते उचलून आणले, खांद्यावरच्या कपड्याने पुसले आणि जागेवर ठेवले.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत तुमच्या पदव्या वाचून झाल्या. तुमचे किती लेख छापले गेले, किती विद्यार्थी तुमच्या हाताखाली डॉक्टर झाले, हेही सांगून झाले. युरोपात शिशावर बंदी आली आणि काळाची पावले ओळखून तुम्ही शिसेविरहित पदार्थांकडे वळलात, असे एका वक्त्याने सांगितले, तेव्हा मी खुर्चीत चुळबुळ केली. परंतु सभेचा मान राखणे मला समजते. नंतर चिटणीसांनी मला म्हटले, "नाना, तुमचे-त्यांचे घरोब्याचे संबंध होते, स्मरणिकेसाठी काही लिहा." मी सनदी अर्जनवीस आहे. दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याच्या वतीने योग्य त्या शब्दांत योग्य त्या अधिकाऱ्यापुढे मांडण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. स्वतःच्या वतीने लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग, आणि ज्यांच्यापुढे मांडायचे त्यांची जागा रिकामी आहे. तरीही लिहितो.

तुम्ही प्रथम आलात ते एका प्रतिज्ञापत्रासाठी. जन्मदाखल्यावर तुमचे नाव अनंता होते आणि पदवीवर अनंत, आणि विद्यापीठाच्या कोणा बाबूला ही दोन वेगळी माणसे वाटत होती. मी टंकलेखन यंत्रावर मजकूर घेतला आणि माझ्या पद्धतीप्रमाणे तुम्हाला वाचून दाखवू लागलो. तुम्ही हात पुढे करून म्हणालात, "दीजिए, मैं पढ़ लूँगा." मी दिला नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाच वाचून दाखवावे, असा या कचेरीतल्या इतरांचा प्रघात आहे. माझा नाही. माझ्याकडे अंगठा उठवणारा येवो वा सही ठोकणारा येवो, मी मजकूर मोठ्याने वाचतो, अर्जदार ऐकतो, ऐकून झाल्यावर त्याने "बरोबर आहे" असे स्वमुखाने म्हणायचे, आणि मगच सही. ते म्हटले की मी म्हणतो, "चला, उठा, काम झाले." हा क्रम मी कधी मोडलेला नाही.

तुम्ही नाइलाजाने ऐकत बसलात. मूळ गाव तासगाव, जिल्हा सांगली, असे मी वाचले आणि माझा आवाज आपोआप बदलला असावा, कारण तुम्ही मान वर करून विचारलेत, "आपण मराठी?"

"मेहकरचा," मी म्हणालो. "बुलढाणा जिल्हा."

"मग मघापासून हिंदीत काय छळताय मला?"

"तुम्ही काहून सांगितलं नाही?"

त्या 'काहून'ला तुम्ही जे हसलात, ते हसणे मला त्या दिवशी उर्मट वाटले होते, हे आज लिहायला हरकत नाही. पुढे कितीतरी वर्षे तुम्ही माझ्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करीत राहिलात आणि मी तुमच्या 'लई भारी'ची. घरी तुमची लेक ईशा दोघांनाही हसायची आणि हिंदीत म्हणायची की काका, तुम्ही दोघे भांडता की बोलता, हेच समजत नाही.

त्यानंतर शनिवारी विद्यापीठाचे काम आटोपले की तुमची स्कूटर सेक्टर सतराकडे, माझ्या कचेरीकडे, वळू लागली. हिवाळ्यात हातात रेवडीची पुडी, उन्हाळ्यात नुसता घाम. तुम्ही डावीकडच्या स्टुलावर बसायचात आणि माझे काम बघायचात. मी कोणाच्या पेन्शनचा अर्ज, कोणाच्या वीजजोडणीची तक्रार वाचून दाखवत असताना तुमचे ओठ हलत. एका शनिवारी तुम्ही खिशातून इंग्रजी टाइप केलेले कागद काढलेत आणि म्हणालात, "नाना, आज मी अर्ज वाचतो, तुम्ही ऐका. सही करायच्या आधी."

तो तुमचा शोधलेख होता. तुम्ही तो मराठीत वाचू लागलात. म्हणजे डोळे इंग्रजीवर आणि तोंडात मराठी. दोन ओळींनंतर अडखळलात. खूप वेळ एका वाक्याशी झटलात आणि मग खिशातून पेन काढून ते वाक्यच खोडून टाकलेत. "हे मला मराठीत सांगता येत नाही," तुम्ही म्हणालात, "म्हणजे हे मलाच कळलेलं नाही." त्या दिवसापासून तुमचा एकही लेख माझ्या टेबलावर वाचला गेल्यावाचून बाहेर पडला नाही. मी मॅट्रिकच्या उंबऱ्यावर थांबलेला माणूस. त्यातले बहुतेक माझ्या डोक्यावरून गेले. परंतु ऐकणाऱ्याचे काम मी चोख बजावले. तुमचे वाचून झाले की तुम्ही माझ्याकडे पाहायचात, मी म्हणायचो, "बरोबर आहे," आणि तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठायचात.

तुमच्या विषयातले मला जे समजले, ते तुम्ही कचेरीच्या आवारावरून समजावले म्हणून समजले. तुम्ही म्हणालात, "हे आवार बघा. सगळे पक्षकार उभे आहेत. कोण चहावाल्याकडे तोंड करून, कोण वकिलाकडे, कोण आपल्या चपलेकडे. आमचा पदार्थ आत असाच असतो. बारीक बारीक विजेचे बाण, प्रत्येक घोळक्याचं तोंड वेगळीकडे." तेवढ्यात आतून शिपायाने कोणाच्या तरी नावाचा पुकारा केला आणि आवारातली सगळी तोंडे दाराकडे वळली. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "हे बघा. हे व्होल्टेज."

"म्हणजे तोंडं वळतात, एवढंच?"

"नुसती तोंडं वळत नाहीत, नाना. व्होल्टेज पुरेसं दिलं तर त्यांची उभं राहण्याची रचनाच बदलते. स्फटिकाचा आकार बदलतो. वस्तू तीच, पण अवस्था दुसरी. आणि हे सगळं एवढ्याशा थरात." केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ, असे तुम्ही म्हणालात. चकचकीत काचेसारख्या तुकड्यावर द्रावणाचे थेंब गरगर फिरवून पसरायचे, भट्टीत भाजायचे, वर सोन्याचे ठिपके बसवायचे आणि त्या ठिपक्यांना वीज द्यायची. मी विचारले, पुकारा संपल्यावर काय होते? तोंडे पुन्हा चहावाल्याकडे जातात की दाराकडेच राहतात? तुम्ही म्हणालात की तुमचा आणि जगभरच्या तुमच्या बिरादरीचा सगळा झगडा त्याच प्रश्नाशी आहे.

आता त्या वक्त्याने जे चुकीचे सांगितले, ते दुरुस्त करणे माझे कर्तव्य आहे. युरोपचा कायदा फार नंतर आला. त्याआधी एका शनिवारी माझ्यासमोर रामआसरे नावाचा मजूर बसला होता. शहराबाहेर डेराबस्सीच्या बाजूला कोणीतरी शेतातल्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा धंदा काढला होता. पाटी नाही, परवाना नाही. रामआसरे तिथे कामाला होता आणि आता काम होत नाही म्हणून त्याला काढले होते. मी अर्ज वाचून दाखवला, त्याने "सही है जी" म्हटले, आणि मी शाईची डबी पुढे केली. त्याने दंड उचलला, पण पंजा वर येईना. मनगटापासून हात खाली लोंबत राहिला. दुसऱ्या हाताने पहिला धरून त्याने अंगठा कसाबसा टेकवला. तुम्ही स्टुलावरून उठलात, त्याच्यापुढे उकिडवे बसलात आणि दोन्ही हात सरळ धरायला सांगितलेत. दोन्ही पंजे खाली पडले. तुम्ही त्याला सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात न्यायला स्वतःच्या स्कूटरवर बसवलेत.

पुढच्या खेपेला तुम्ही रेवडी आणली नाहीत; शिसे अंगात भिनले की मनगट असे पडते, एवढे सांगितलेत. म्हणालात, "आमच्या उत्तमातल्या उत्तम थरात शिसंच असतं, नाना. मी रोज तेच भट्टीत घालतो. फक्त आमच्याकडे ते चकचकीत दिसतं." तोपर्यंत तुमचे नाव झाले होते ते शिशाच्या पदार्थांवर. ते सोडून तुम्ही बिस्मथ आणि सोडियमच्या हट्टी, कोणाचेच न ऐकणाऱ्या पदार्थाकडे गेलात. त्यामुळेच गेलात, असे तुम्ही कधी बोलला नाहीत. मी स्टुलाच्या उजव्या बाजूला बसलेला असतो आणि मला दिसते.

ती वर्षे शहर बदलण्याची होती. एसटीडीच्या बूथांची रांग लागली आणि बघता बघता उठली. माझ्या ओळीतले अर्धे टंकलेखक संगणक घेऊन बसले आणि कोऱ्या छापील नमुन्यात नाव भरून देऊ लागले. तुमच्या विभागातली हुशार मुले बंगळूरला, अमेरिकेला, मोठ्या पगाराकडे निघून गेली आणि तुम्ही दर नव्या मुलाला पहिल्यापासून भट्टी शिकवत राहिलात. कुमुदवहिनी म्हणत, यांच्या आयुष्यात दोनच स्त्रिया, मी आणि भट्टी, आणि रात्री उठून बघायला जातात ती भट्टी.

मग तो लेख आला. शिसे नसलेल्या पातळ थरात विजेच्या दाबाने अवस्था बदलते आणि वीज काढून घेतली तरी नवी अवस्था टिकून राहते, असे त्यात होते. तुम्ही कागदाच्या मागे मोजणीची आकृती काढून दाखवलीत, भाकरीसारखी फुगलेली, गोलसर. ही जितकी पोटात रुंद, तितकी अवस्था टिकाऊ, असे तुम्ही सांगितलेत. मला तो लेख तुमच्या बाकी सर्व लेखांहून अधिक आवडला. टिकते हा शब्द मला आवडतो. मी ज्या हुकुमांसाठी अर्ज लिहितो ते टिकावेत, एवढीच तर माझ्या अर्जदारांची इच्छा असते. मी अत्यंत समाधानाने "बरोबर आहे" म्हणालो. तो छापून आला, नावाजला गेला, आणि प्रोफेसरपदाच्या मुलाखतीसाठी तुमचे नाव सर्वांच्या पुढे आले. वहिनींनी त्या आठवड्यात पुरणपोळी केली होती, मुलाखत व्हायची असतानाच. मी म्हटले, निकालाआधी पोळी? त्या म्हणाल्या, यांच्याविरुद्ध उभं कोण आहे?

मुलाखतीसाठी तुम्ही आपल्या कामाचा गोषवारा तयार केला होता आणि पद्धतीप्रमाणे तो वाचायला बसला होतात. थंडीचे दिवस. मी रेवडी खात होतो, खरे सांगायचे तर पुढच्या अर्जाचा मथळा मनात जुळवीत होतो. "वीज काढून घेतल्यावरही ही अवस्था टिकून राहते, असे आम्ही दाखवले," एवढे वाचून तुमचा आवाज थांबला. मला वाटले, ठसका लागला. पाहतो तर तुम्ही त्या ओळीकडे असे बघत होतात, जणू ती तुमच्या अक्षरात दुसऱ्याच कोणी लिहिली आहे. तुम्ही ती पुन्हा वाचलीत. मग म्हणालात, "नाना, हे मी पाहिलं नाही. मला ते पाहायचं होतं."

मुलाखत तोंडावर असताना तुम्ही प्रयोगशाळेत जाऊन जुने थर पुन्हा मोजायला काढलेत. मोजणीचा वेग बदलला की ती भाकरी कधी फुगायची, कधी बसायची. तुम्ही मला समजावलेत की अवस्था खरोखर टिकली असती तर आकृती वेगानुसार इतकी बदलली नसती. भट्टीत बिस्मथ आणि सोडियम वाफ होऊन उडून गेले होते, थर आतून गळका झाला होता, आणि त्या गळतीतून वाहून गेलेली वीज तुम्ही टिकलेली वीज म्हणून मोजली होती. मी म्हटले, मग यंत्राची चूक. तुम्ही म्हणालात, यंत्राने बरोबर मोजलं, माझी घाई नडली.

आणि तुम्ही लेख मागे घेण्याचे पत्र लिहिलेत. त्याची एक प्रत नियतकालिकाला आणि एक निवड समितीला. ते पत्र तुम्ही माझ्या टेबलाशी बसून मला वाचून दाखवलेत आणि माझ्याकडे पाहिलेत.

मी "बरोबर आहे" म्हटले नाही.

मी तुम्हाला काय सांगितले, ते आजही शब्दशः मांडतो, कारण त्यातले एक अक्षर मला बदलावेसे वाटत नाही. मी म्हणालो, "माझ्या आयुष्यात समोरच्यानं आरोप केलेला नसताना कबुली देणारा अर्जदार मी पाहिला नाही. मुलाखत होऊ द्या, नेमणूक हातात पडू द्या, मग पत्र धाडा. महिनाभरानं थर काही धावून येत नाही अंगावर. समोर आहे कोण तुमच्या?"

तुम्ही कागदाची घडी केलीत. "समोर थर आहे, नाना."

"थर सही करतो का तुमच्या पगारावर?"

"तुम्ही फक्त ऐकणारे. सांगा, बरोबर आहे की नाही?"

"मी सांगणार नाही," मी म्हणालो. तुम्ही तसेच उठून गेलात. माझ्या शब्दावाचून माझ्या स्टुलावरून उठलेले तुम्ही पहिलेच.

प्रोफेसरपद तुमच्याहून लहान माणसाला मिळाले. तुम्ही त्याचे अभिनंदन करायला मिठाई घेऊन गेलात, हे मला वहिनींकडून समजले, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा कसा होता तेही मला आठवते. तुम्ही निवृत्तीपर्यंत रीडरच, म्हणजे प्रोफेसरच्या एक पायरी खालीच, राहणार, हे त्या दिवशी ठरले. शनिवारी मात्र तुम्ही आलात. रेवडीची पुडी ठेवलीत आणि म्हणालात, "काय वकीलसाहेब, माझं 'बरोबर आहे' राहिलंय." मी म्हटले, राहू द्या. तेव्हापासून ती आपली थट्टाच होऊन बसली. दिवाळीला, ईशाच्या वाढदिवसाला, तिसऱ्या माणसाला काही न कळता तुम्ही विचारायचात, "नाना, मग?" आणि मी म्हणायचो, "विचार चालू आहे." पत्र खरे होते याविषयी मला त्या दिवशीही शंका नव्हती. परंतु माझ्या त्या दोन शब्दांनी तुमच्या नुकसानीवर माझी मोहर उठली असती, आणि ती मला उठवायची नव्हती. माणसाला आपल्या माणसासाठी एवढाही हट्ट धरण्याची मुभा असू नये काय?

त्यानंतरची वर्षे तुम्ही गळका थर बुजवण्यात घालवलीत. भट्टीत जेवढे बिस्मथ उडते तेवढे आधीच जादा घालायचे, किती घालायचे ते चुकतमाकत शोधायचे. दूर गावच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर आपल्या मुलांना घेऊन जायचे आणि वीज चालू असतानाच थराच्या आत पाहायचे. तुम्ही तिथून परत आलात तेव्हा स्टेशनवरून घरी न जाता सामानासकट माझ्याकडे आलात. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. अर्जाच्या कागदावर आकृती काढलीत. या वेळी भाकरी नव्हती. दोन्ही टोकांना पसरलेली आणि मधोमध आवळलेली, जणू कोणी कमरेला दोरी बांधून ओढली आहे.

"बदलते," तुम्ही म्हणालात. "आता मी पाहिलंय. वीज दिली की आतली रचना बदलते, डोळ्यांसमोर."

"आणि काढली की?"

"परत जाते. पूर्ण परत."

माझा चेहरा पडला असावा. एवढी वर्षे, प्रोफेसरपद, अमेरिकेला गेलेली मुले, आणि शेवटी परत जाते? मी म्हणालो, मग एवढा खटाटोप कशासाठी? पुकारा थांबला की जो तो पुन्हा चहावाल्याकडे. तुम्ही हसलात. "परत जाते म्हणूनच कामाची, नाना. वीज भरायची, ती रचना बदलून धरून ठेवते, आणि सोडली की एका क्षणात सगळी परत देते. जे टिकून बसतं ते आपल्यापाशी दाबून ठेवतं. हे काही ठेवून घेत नाही." मी मानले नाही. कोणताही हुकूम, कोणतीही गोष्ट परत गेली की ती गेली, असे माझे म्हणणे होते, आणि तुमचे म्हणणे होते की मी कचेरीत बसून बसून दगडी झालो आहे. हा वाद आपण पुढे चालवणार होतो. तेवढ्यात तुमच्या पोटात दुखू लागले, आणि तुम्ही म्हणालात, प्रवासात काहीतरी खाल्ले.

ते प्रवासातले नव्हते. पुढचे मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते माझ्याकडून कळू नये.

इस्पितळात एका दुपारी ईशा बाहेर आली आणि म्हणाली, "काका, पापा आपको बुला रहे हैं. कह रहे हैं, अर्ज़ी सुनानी है." मी आत गेलो. खिडकीतून कोवळे ऊन खाटेवर पडले होते आणि तुम्ही उशीला टेकून नव्या लेखाचे कागद मांडीवर घेऊन बसला होतात. वहिनी मला जागा करून देऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. त्या खोलीत आपली आसने बदलली होती, हे मला बसल्यावर जाणवले.

तुम्ही वाचलेत. सावकाश, दम घेत, एकाही ठिकाणी न अडखळता. इतक्या वर्षांत प्रथमच एका लेखातला प्रत्येक शब्द मला समजला. तुम्ही तो मुद्दाम तसा लिहिला होता, की आजाराने तुमच्याजवळ फक्त सोपे शब्द उरले होते, हे मला सांगता येणार नाही. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही आपला पहिला लेख का मागे घेतला होता, तेही लिहिले होते. गळका थर, चुकलेले मोजमाप, सगळे. मी मनात म्हटले, हा माणूस मरायला टेकला तरी कोणी न विचारलेली कबुली देणे सोडत नाही. वाचून झाल्यावर तुम्ही कागद खाली ठेवलेत आणि माझ्याकडे पाहिलेत.

"मग, नाना?"

माझ्या जिभेवर ते दोन शब्द होते, अनंतराव. ते पत्र आणि हा लेख, दोन्हीचे मिळून एकदाच म्हणता आले असते. परंतु माझ्या साऱ्या आयुष्याची रीत मला ठाऊक होती. अर्जदार "बरोबर आहे" म्हणतो आणि मग उठून जातो. ऐकणाऱ्याने तो शब्द दिला की काम संपते, आणि पुढे बसून राहायला कारण उरत नाही. मला तुम्हाला कारण ठेवायचे होते.

"विचार चालू आहे," मी म्हणालो. "उद्या सांगतो."

तुम्हाला ते कळले. तुम्ही वहिनींकडे पाहून म्हणालात, "बघ, हा मला उठू देत नाही." आणि तुम्ही हसलात, माझ्या 'काहून'ला हसला होतात तसे, फक्त आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा ईशा जिन्यावर बसली होती. तिने वर पाहिले आणि आयुष्यात प्रथमच माझ्याशी मराठीत बोलली. "काका," ती म्हणाली, "बाबा गेले."

आता लेख तुमच्या विद्यार्थ्यांनी पाठवला आहे, असे कळते. तुमची अवस्था परत जाते, आणि म्हणून कामाची, हे जगापुढे तुमच्या नावाने येईल. मी मात्र तुमचे ते म्हणणे अजून मानलेले नाही. तुम्ही जे दिले ते काही ठेवून न घेता दिले, हे कबूल. पण मी जो कोरा अर्जनवीस तुमच्या आधी होतो, तिकडे मी परत जाऊ शकत नाही. कोणी मजकूर वाचताना आवाज थांबवला की मी त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावतो. कोणाचा पंजा टेबलावर लोंबला की मी त्याला दोन्ही हात सरळ धरायला सांगतो. तुमचा पुकारा थांबला आहे, अनंतराव, आणि मी अजून दाराकडेच तोंड करून उभा आहे. वाद इथेच सोडतो. उत्तर द्यायला तुम्ही नाही, आणि समोर कोणी नसताना वाद जिंकणे मला शोभत नाही.

हा मजकूर लिहून झाला तेव्हा दुपार होती. टेबलासमोर एक म्हातारी बराच वेळ उभी होती, पदराखाली कागद धरून. स्टूल रिकामे असूनही ती बसली नव्हती. सरदारजींनी तिला काहीतरी सांगितले असावे. मी तिला थोडे थांबायला सांगितले आणि माझ्या रीतीप्रमाणे हा सारा मजकूर पहिल्यापासून मोठ्याने वाचला. म्हातारीला मराठी येत नाही. तरीही तिने डोक्यावरून पदर घेतला आणि वाचून होईपर्यंत मान खाली घालून उभी राहिली.

तुम्ही मागे घेतलेल्या लेखाचे ते पत्र मी ऐकले होते. शेवटचा लेख मी ऐकला. दोन्ही समजले. मुलाखतीआधी पत्र पाठवले तेही, मला पटो वा न पटो, तुमचे होते.

बरोबर आहे, अनंतराव. चला, उठा. आजींना बसायचे आहे.